जुनी रायफल आणि घरी भरलेले काडतूस

काटकसर हा गुण आहे, याविषयी आपल्या मध्यमवर्गात तरी दुमत असण्याचे कारण नाही. पाठकोऱ्या कागदावर हिशेब करणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, रिकाम्या डब्याला दुसरे काम शोधून देणे, हे सारे एका पिढीने दुसरीला न सांगता शिकवले. जी वस्तू एका वापराने संपत नाही ती फेकून देणे म्हणजे अपव्यय, हा त्यामागील विचार सरळ आहे आणि अर्थशास्त्रालाही तो मान्य आहे. अमेरिकेतील बंदूकधारी नागरिकांच्या एका मोठ्या वर्गाने हाच विचार काडतुसाला लावलेला आहे. गोळी झाडली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. काडतुसाच्या घटकांत बहुधा तीच सर्वांत महाग असते, आणि ती पुन्हा वापरता येते. पुंगळी मूळ आकारात दाबून घ्यावयाची, बुडाशी नवी टोपी बसवावयाची, तराजूवर मोजून दारू ओतावयाची आणि तोंडाशी नवी गोळी घट्ट करावयाची. एवढे केले की घरच्या टेबलावर काडतूस तयार होते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती अशी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरावयाची तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाईच आहे. तेव्हा या विषयाशी महाराष्ट्रातील वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच अनाठायी ठरणार नाही. तथापि, जुन्या रायफलीत घरचे काडतूस घालणारा मनुष्य स्वतःची ज्या युक्तिवादाने समजूत घालतो, तो युक्तिवाद कोणा एका देशाची मिरासदारी नव्हे. ‘इतकी वर्षे चालली, काही झाले नाही, म्हणजे ती चांगली आहे’, हा तो युक्तिवाद. टेकू दिलेल्या चाळी आणि साकव याच भरवशावर उभे असतात. रायफलीच्या बाबतीत या विधानाची परीक्षा फार काटेकोरपणे झालेली असून तिची आकडेवारी उपलब्ध आहे, म्हणून हे उदाहरण तपासण्याजोगे आहे.

दाबाचे गणित

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये वातावरणाच्या दाबाहून दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम इतका दाब अधिक असतो. तेवढ्यासाठीही कुकरला शिट्टी असते, आणि शिट्टी तुंबलीच तर वितळून वाफेला वाट देणारा सेफ्टी व्हॉल्व असतो. सैनिकी रायफलीत गोळी सुटताना हाच दाब दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन टन असतो. तो क्षणाच्याही अंशापुरता असतो हे खरे. पण त्या अंशात तो सारा भार पितळेची पातळ पुंगळी, तिच्यामागचा बोल्ट आणि बोल्टाला धरून ठेवणारे पोलादी घर, ज्याला रिसीव्हर म्हणतात ते, यांनी मिळून पेलावयाचा असतो. नेम धरणाऱ्याचा डोळा त्या घरापासून वीतभर अंतरावर असतो. येथे शिट्टी नाही आणि सेफ्टी व्हॉल्वही नाही.

दारूचे प्रमाण आणि दाब यांचे नाते सरळ रेषेचे नाही, ही दुसरी गोष्ट. दारू दहा टक्क्यांनी वाढवली तर दाब दहा टक्क्यांवर थांबत नाही. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. गोळी पुंगळीत जरा खोल बसली, टोपी निराळ्या जातीची निघाली किंवा काडतुसे उन्हात तापली, तरी हा आकडा हलतो. शेवटच्या चिमटीचा परिणाम आधीच्या चिमटीहून मोठा असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घटत्या सीमान्त फलाची सवय असते. येथे नेमका उलटा प्रकार आहे.

आता जुन्या रायफलीकडे वळू. अमेरिकी सैन्याने १८७३ साली ज्या स्प्रिंगफील्ड रायफलीचा स्वीकार केला तिचे काडतूस ‘पंचेचाळीस-सत्तर’ या नावाने ओळखले जाते. पंचेचाळीस हा नळीचा व्यास, इंचाच्या शतांशांत. सत्तर हे काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम. एवढी दारू घातली की पुंगळी भरत असे. त्यामुळे चुकून दुप्पट दारू घालणे शक्यच नव्हते; पुंगळीच तिला जागा देत नसे. पुढे बिनधुराची दारू आली. ती कितीतरी अधिक जोरकस, म्हणून थोडी पुरते. आणि थोडी पुरते म्हणूनच त्या ऐसपैस पुंगळीत दोनदा ओतली तरी वरून पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येत नाही. वस्तू सुधारली, परंतु तिच्याबरोबर आलेले संरक्षण नाहीसे झाले आणि त्याची नोंद कोणत्याही किंमतपत्रकात झाली नाही.

याच पंचेचाळीस-सत्तर काडतुसाच्या रायफली आजही नव्याने बनतात आणि त्यांचे पोलाद व बंद करण्याची रचना कितीतरी बलवान असते. म्हणून काडतुसे भरण्याच्या अमेरिकी पुस्तिकांतून या एकाच काडतुसासाठी तीन वेगवेगळे तक्ते छापलेले आढळतात: एक १८७३ च्या जुन्या रायफलीसाठी, दुसरा त्याहून मजबूत अशा रायफलींसाठी आणि तिसरा अगदी आधुनिक बांधणीसाठी. पुंगळी तीच, नाव तेच. तिसऱ्या तक्त्यातील काडतूस पहिल्या रायफलीत विनातक्रार बसते. कारखान्यांसाठी ठरलेली दाबाची मर्यादा मात्र २८,००० पौंडांचीच आहे, कारण आपले काडतूस कोणाच्या हातातील कोणत्या रायफलीत जाणार हे कारखान्याला ठाऊक नसते आणि म्हणून सर्वांत दुर्बल रायफल हेच त्याला प्रमाण मानावे लागते. घरी काडतूस भरणाऱ्यास हे बंधन जाचक वाटते. वास्तविक ते बंधन म्हणजे विम्याचा हप्ता होय. कारखान्याच्या काडतुसाच्या किमतीत पितळ आणि दारूबरोबर दाब मोजणाऱ्या यंत्राचा, तपासनिसाचा आणि या हप्त्याचा खर्च मिळवलेला असतो. घरगुती हिशेबात बचत म्हणून जी रक्कम दिसते तिच्यात यांतील कोणकोणत्या बाबी गाळल्या गेल्या आहेत, ते कोणी लिहून ठेवीत नाही.

पितळेची साक्ष

यावर जाणकारांकडून एक उत्तर दिले जाते. दाब वाढू लागला की खुणा दिसतात, असे ते म्हणतात. टोपी चपटी होते, बोल्ट उघडताना जड जातो, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटतो. या खुणा दिसेपर्यंत दारू थोडथोडी वाढवावयाची आणि दिसल्या की मागे यावयाचे. आधुनिक रायफलीत हा उपाय पूर्ण विश्वसनीय नसला तरी अगदी निरर्थक नाही. जुन्या रायफलीत मात्र तो घातक आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. या खुणा रायफल दाखवीत नाही, पितळ दाखवते. आजच्या पितळेच्या पुंगळीवर त्या उमटू लागतात ते बहुधा आधुनिक रायफलीच्या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्याही पुढे, साठ-सत्तर हजार पौंडांच्या टापूत. ज्या रायफलीची सहनशक्ती अठ्ठावीस हजारांसाठी आखलेली आहे तिच्यात पितळ गप्प असताना पोलाद हद्द ओलांडून गेलेले असते. साक्षीदाराने काही पाहिले नाही एवढ्यावरून गुन्हा घडला नाही असे ठरत नाही. येथे तर साक्षीदार घटनास्थळी पोहोचलेलाच नसतो.

लिखित आकड्यांवर विसंबावे तर तेथेही एक खाच आहे. दाब मोजण्याची जुनी रीत अशी की, चाचणीच्या नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवावयाचा, दट्ट्यावर तांब्याचा लहानसा दंडगोल ठेवावयाचा आणि गोळी सुटल्यावर तो किती चेपला यावरून दाब काढावयाचा. पुढे विद्युतसंवेदी स्फटिक आले आणि खरा शिखरदाब त्याहून जास्त असल्याचे दिसले. तीनशे-आठ विंचेस्टर या काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याच्या मापाने ५२,००० आहे आणि स्फटिकाच्या मापाने ६२,००० पौंड आहे. काडतूस तेच आणि जोरही तोच. जुन्या पुस्तकांनी मात्र तांब्याच्या मापालाही सर्रास ‘पौंड’च म्हटले. आजोबांच्या पुस्तकातला आकडा आणि नव्या पुस्तिकेतला आकडा शेजारी ठेवून ‘अजून दहा हजारांची सवड आहे’ असे अनुमान काढणारा मनुष्य १९६० सालचा रुपया आणि आजचा रुपया एकाच भावाने मोजत असतो. महागाईच्या निर्देशांकाचे आधारवर्ष न पाहता भत्त्याचा हिशेब करणाऱ्या कारकुनाला त्याचा वरिष्ठ तरी टोकतो. येथे टोकणारा कोणी नसतो.

आपल्या परिचयाच्या ‘थ्री नॉट थ्री’चे, म्हणजे ली-एन्फील्ड रायफलीचे, दुखणे आणखी निराळे आहे. तिचा बोल्ट पुढे नव्हे तर मागच्या बाजूस अडकतो, त्यामुळे प्रत्येक बाराला तो आणि त्याचे घर किंचित ताणले जाते. त्यातच रणांगणावरील चिखलमातीचा विचार करून तिचे चेंबर सैलसर ठेवलेले असते. पुंगळी पुढे फुगते, लांबते आणि बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते. सैन्याच्या दृष्टीने यात काहीच दोष नव्हता, कारण सैन्य ती पुंगळी दुसऱ्यांदा वापरणार नव्हते. तीच पुंगळी चौथ्या-पाचव्या वेळी भरणाऱ्याची काटकसर मात्र अशा रचनेवर उभी राहते, जिने पुनर्वापराची कल्पनाच केलेली नव्हती. सावध माणसे वाकवलेल्या तारेचे टोक पुंगळीत घालून आतील खाच चाचपून पाहतात. असावध माणसाला ती खाच पुंगळी दुभंगून तप्त वायू मागे आल्यावर कळते.

दहा लाख रायफली, अडुसष्ट अपघात

या साऱ्याहून बोलके उदाहरण १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली त्या १९१७ सालीच या रायफलींचे रिसीव्हर फुटू लागले. निमित्त सदोष पितळाच्या काडतुसांचे झाले. पण चांगल्या पोलादाने एवढे सोसावयास हवे होते. चौकशी भट्टीपर्यंत गेली. तेथे अनेक वर्षांचे अनुभवी कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग पाहून उष्णता ठरवीत असत. तो रंग ढगाळ दिवशी जसा दिसतो तसा लख्ख उन्हात दिसत नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा उन्हाच्या दिवशी ‘योग्य’ ठरवलेली उष्णता ढगाळ दिवसाच्या उष्णतेपेक्षा तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक असल्याचे आढळले. पोलाद जळत होते आणि जळलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. उष्णतामापक बसवले गेले, १९१८ मध्ये प्रक्रिया बदलली आणि पुढील रायफली सुधारल्या. स्प्रिंगफील्ड येथील आठ लाख आणि रॉक आयलंड येथील २,८५,५०७ क्रमांकाच्या आतील रायफली मात्र तयार होऊन बसल्या होत्या. त्यांतील कोणती उन्हात घडली आणि कोणती ढगाळ दिवशी, हे बाहेरून पाहून सांगण्याची सोय नव्हती.

पुढे मेजर जनरल झालेले ज्युलियन हॅचर यांनी या अपघातांची नोंद आपल्या १९४७ च्या पुस्तकात दिली आहे. १९१७ ते १९२९ या काळात फुटलेल्या रिसीव्हरांची संख्या अडुसष्ट. काहींचा डोळा गेला. दहा लाखांहून अधिक रायफलींत अडुसष्ट, म्हणजे सुमारे सोळा हजारांत एक. १९२७ साली नेमलेल्या समितीने या रायफली सेवेतून काढाव्यात अशी शिफारस केली. निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याने ती पूर्णतः मानली नाही. दुरुस्तीला परत येतील त्या पुन्हा देऊ नयेत, परंतु सैनिकांच्या हाती आहेत त्या तेथेच राहू द्याव्यात, असे ठरले. काडतुसे बिघडत चालली आहेत आणि अपघात थोडे वाढू शकतील, हे त्याने मान्य केले. पण यांतील काही रायफलींनी कित्येक वर्षे सेवा केली, त्यांच्या नळ्यादेखील झिजून बदलल्या असतील, हेही त्याने निदर्शनास आणले.

‘इतकी वर्षे चालली’ या युक्तिवादाचे हे सरकारी रूप. त्याची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. दहा लाख रायफली बदलण्याचा खर्च आणि सोळा हजारांत एक एवढा धोका यांची तुलना करून कोषागाराच्या दृष्टीने जे उत्तर निघते तेच त्याने दिले. कोषागाराच्या हिशेबात रायफलीची किंमत येते आणि डोळ्याची येत नाही, हा त्या हिशेबाचा जुना दोष आहे. तो एकट्या अमेरिकेचा नव्हे. परंतु या निर्णयाचा दाखला देऊन आज अशी रायफल झाडणारा मनुष्य एक मूलभूत चूक करतो. सोळा हजारांत एक हे प्रमाण सरकारी काडतुसांचे आहे, तेही साऱ्या समूहाचे. समूहाच्या सरासरीवरून हातातील एका रायफलीचे पोलाद कळत नाही. ठिसूळ पोलाद थकत थकत, कुरकुरत निकामी होत नाही. शंभर बार सोसते आणि एकशेएकाव्याला, जरा दाब चढताच किंवा पुंगळी फाटताच, काचेसारखे फुटते. आधीचे शंभर बार हा तिच्या भक्कमपणाचा पुरावा नसून, ते शंभर प्रसंग मर्यादेच्या आत राहिले एवढाच त्याचा अर्थ. आणि घरी काडतूस भरणारा तर तो प्रसंगच स्वतःच्या हाताने बदलत असतो.

कारखानेही चुकतात, हा आक्षेप बरोबर आहे. १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारी कारखान्यानेच कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या काढल्या. कथिलाने गोळी आणि पुंगळी यांचा परस्पर सांधा जुळवला, नेमबाजांनी सवयीप्रमाणे वर ग्रीस फासले आणि दाब भलताच चढला. पण ती चूक उघडकीस आली, तिची कारणे शोधली गेली आणि स्पर्धेत ग्रीसला बंदी झाली. एकाच प्रकारची हजारो काडतुसे एका ठिकाणी झाडली गेली म्हणूनच हे शक्य झाले. घराच्या माळ्यावर भरलेल्या वीस काडतुसांच्या चुकीचा शोध कोण घेणार?

विकणारा आणि विकत घेणारा

जुन्या रायफलीत घरी भरलेले सौम्य काडतूस हेच तिच्या प्रकृतीला सर्वांत मानवणारे, असे या छंदातील विचारी माणसे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. कित्येक जुनी काडतुसे कारखान्यांनी बनवणे सोडून दिले आहे. रायफल वापरावयाची तर घरी भरण्यावाचून मार्ग नाही. परंतु सौम्य म्हणजे वाटेल तितके कमी नव्हे. काही सावकाश जळणाऱ्या दारूंच्या बाबतीत पुस्तिका किमान मापही देतात आणि त्याखाली जाऊ नये असे बजावतात. दारूची टंचाई झाली म्हणजे तर कसोटी लागते. अमेरिकेत २०२० मध्ये अशी टंचाई झाली होती. अर्थशास्त्रात चहा नसेल तर कॉफी, साखर नसेल तर गूळ, असा पर्यायी वस्तूंचा सिद्धांत शिकवला जातो. दिसायला सारखी असलेली एक दारू दुसरीच्या जागी वापरणाऱ्यास तो सिद्धांत हातातच फुटल्याचा अनुभव येऊ शकतो.

शिवाय रायफल एका हातात राहत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, आणि ज्यासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला, त्यात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो. जुन्या रायफलीच्या बाजारात विकणाराही बहुधा अज्ञानीच असतो. मालकाबरोबर रायफलीशेजारची अर्धी भरलेली काडतुसांची पेटीही हात बदलते, आणि ती कोणी, कोणत्या दारूने, कोणत्या तक्त्यावरून भरली हे सांगणारा मनुष्य कदाचित हयातही नसतो. चांदमारीच्या मैदानावर शेजारी उभा राहणाऱ्याने तर या व्यवहारात कशालाच संमती दिलेली नसते.

ब्रिटनने हा प्रश्न बाजारावर सोडला नाही. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ चे, आणि १८६८ च्या कायद्याने परीक्षा झालेल्या नळीवर ठसा असणे आवश्यक ठरले. मुद्दाम भारी काडतूस झाडून नळी पारखावयाची आणि मगच ती बाजारात जाऊ द्यावयाची, ही ती पद्धत. अमेरिकेत असा सक्तीचा कायदा नाही. उत्पादकांची संस्था १९२६ पासून प्रमाणे ठरवते, पण ती पाळणे ऐच्छिक असते आणि घरच्या टेबलापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. तरीही तेथील नागरी नेमबाजी कार्यक्रम, जो जुन्या सैनिकी रायफली नागरिकांना विकतो, आठ लाख आणि २,८५,५०७ या क्रमांकांच्या आतील स्प्रिंगफील्ड झाडू नयेत असे आजही स्पष्ट सांगतो. हा क्रमांक रिसीव्हरवरच कोरलेला असतो. तो वाचण्यास तराजू लागत नाही की दाबमापक लागत नाही.

आपल्याकडे खडकी आणि वरणगाव येथील कारखान्यांतून लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, त्यामुळे येथील जुन्या रायफलींची चिंता काडतुसापेक्षा रायफलीचीच अधिक आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हल्ल्याला सामोऱ्या गेलेल्या पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्री होत्या, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. जुने शस्त्र ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही आणि नवे घेण्याचा दिसतो, म्हणून या निरोपाला इतकी दशके लागली.

लष्कराने मात्र एक रीत फार पूर्वीपासून पाळलेली आहे. एन.सी.सी.च्या कवायतीत महाविद्यालयीन मुले जी रायफल खांद्यावर घेतात तिच्यावर बहुधा ‘डी.पी.’ ही अक्षरे असतात. केवळ कवायतीसाठी, असा त्यांचा अर्थ. अशा अनेक रायफलींच्या चेंबरला आरपार भोक पाडलेले असते. ही रायफल झाडण्यायोग्य नाही असे एकदा ठरले की तो निर्णय फाइलीत न ठेवता पोलादातच नोंदवावयाचा, म्हणजे पुढे कोणा काटकसरी मनुष्याला ती चांगली दिसली तरी तिच्यात काडतूस घालून पाहण्याची सोय उरत नाही.